शांत जागेत झोप येत न्हाई

माय, तू जाऊन बारा वर्सं झाली आन आज तुला लिहायला बसले, ते बी ब्लाउजच्या फर्म्याच्या कागदाच्या पाठीमागं. माझी शाळा निम्मी गावात आन निम्मी ऊसतोडीच्या तळावर पाचटाच्या कोपीत झाली, तवा अक्षराला हसू नको. तसं तुला वाचता कुठं येत व्हतं. सांगायचं हे की मला लेक झाली. पाच म्हैन्याची हाय. आन मला लई भ्या वाटतंय. साप-विंचवाचं न्हाई. ती झोपली की वाटतंय. श्वास चालू हाय का, येवढंच डोक्यात ऱ्हातंय.

मी परळीत शिवनकाम करती. आधी आमी एका पेट्या करनाऱ्या चाच्याच्या दुकानावरच्या खोलीत ऱ्हात व्हतो. लग्नात द्यायच्या पत्र्याच्या पेट्या, सकाळपासून हातोडा चालू. वरून थर्मलच्या चिमनीची राख. वाळत घातलेलं पांढरं धोतर सांजंला करडं व्हायचं. पोरीचे पप्पा म्हनले, असल्या ठिकानी मानसाचं डोकं कसं चालंल, शांत जागा बघू. मंग गावाबाहेर नव्या प्लॉटिंगमधी दोन खोल्या घेतल्या. दारात लिंब, वारं भरपूर, शेजार कुनी न्हाई. सासूबाई म्हनल्या, आता तुझ्या हातून दुप्पट काम व्हईल बघ. सगळ्यांला पटलं. मला बी पटलं.

माय, हातोड्याच्या दनक्यात मी दिवसाला चार ब्लाउज काढत व्हते. त्या शांत जागेत दीड. टाका मारायचा, मशीन थांबवायची, कान द्यायचा. तिथं लिंबाचं पान पडलेलं ऐकू येतंय, पन हिचा श्वास काय ऐकू येत न्हाई. मंग रिळाचा धागा तोडायचा आन तिच्या नाकापुढं धरायचा. हालला की माझा जीव भांड्यात. पन धागा नाकाला लागतो, ती शिंकती, उठती, भोकाड पसरती. मला बरं वाटतं, कावून की रडतीया म्हंजी हाय. पुन्हा निजवायला तास जातो. निजली की पुन्हा धागा.

त्यात एका नवरीचे सात ब्लाउज माझ्याकडं आले. पयला घालून बघायला मायलेकी आल्या, तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. नवरीच्या आईनं ब्लाउज उलटा केला, सुलटा केला आन म्हनली, "बाई, माझ्या पोरीला उजवा हात बी हाय." शनवारी सगळं तयार न्हाई झालं तर कापड दुसरीकडं न्हेते, म्हनून सांगून गेली. ते गेलं असतं तर पुन्हा कुनी मला लग्नाचं काम दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कापड आन पोरगी काखंत घेऊन मी चाच्याच्या दुकानात. चाच्याच्या बायकोनं, खालानं, तिची जुनी मशीन दिली आन झाकन न बसवलेल्या नव्या पेटीत गोधडी आंथरून पोरीला टाकलं. शेजारी हातोडा धाडधाड चाललाय, आन ही अशी झोपलीया की जनू तिला निजवायलाच चाच्या ठोकतोय. चाच्या म्हनला, "बेटी, गिऱ्हाईक आलं तर आधी हिला उचल. पेटीसंगं पोरगी फुकट, असला धंदा न्हाई माझा." दुपारी तो नमाजला गेला, हातोडा थांबला, की हिचे डोळे टक्क उघडे. तिथं श्वास ऐकू यायचा सवालच न्हाई, म्हनून मी ऐकायला बसतच न्हवते. बेस्तरवारपातूर सहा ब्लाउज झाले. ऱ्हायला शालूवरचा. आन शुक्रवारी दुकान बंद.

म्हंजी आज. झोळीत पोरगी, म्होरं शालूचा ब्लाउज, आन ती शांतता. दोनदा धागा तोडला. तिसऱ्यांदा तोडताना मला एकदम तू दिसलीस. साखर कारखान्याचा तळ हाय. तू सपनात सुद्दा मोळ्या बांधनारी बाई, दुपारची कधी न्हवं ते कोपीत पडलीयास. मागं बैलांची घुंगरं वाजत्यात. आन जरा वेळानं तू ताडकन उठतीस, कोयता घेऊन अनवानी पळतीस, "बैल गेले!" तुझ्यामागं तळावरच्या आठ-धा बाया, कोयते घेऊन, पार सडकेपातूर. आन बैल कोपीच्या मागंच उभे, उसाचं वाढं खात. गळ्यात घुंगराच्या माळा न्हाईत. सगळा तळ पोट धरून हसला. तू नुसती दम खात म्हनलीस, "वाजतंय तवर हायेत. वाजायचं थांबलं की मानूस उठनारच." मंग माळा कुनी काढल्या, तर नाव आलं माझ्या बापाचं, आबांचं, आन हंगाम सरंपातूर तू त्यांना टोमने मारलेस. भाकर वाढताना सुद्दा, घ्या, बैलं मुकी करनारे.

मी उठले. माझ्या सुया-बटनाच्या डब्यात तळाला एक घुंगरू हाय. ते झोळीला बांधलं आन झोळीची दोरी मशीनच्या पायट्याला. पाय हालला की झोळी हालती, घुंगरू वाजतंय, ती झोपतीया. वाजतंय ते माझ्याच पायानं, तिच्या श्वासानं न्हाई, येवढी मी खुळी न्हाई. तरी बी धागा तोडला न्हाई. ब्लाउज झाला. एक बाही डावी, एक उजवी. पाय थांबला आन हिनं डोळे उघडले.

आता या कागदाची सकाळी कुनाची तरी बाही कापायची हाय, तवा हे पत्र काय कुठं जात न्हाई. म्हनून लिहिती. माय, आबांचं नाव मी घेतलं व्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन हंगामभर तुझे टोमने खाल्ले. माळा मी काढल्या, गाडीखाली लपवताना एक घुंगरू माझ्या मुठीत ऱ्हायलं. तुला जरा झोप लागावी म्हनून काढल्या व्हत्या.