फोरग्राउंडमधला शेजारी

२ जानेवारी १९५६, सोमवार
ऑफिसच्या बोर्डावर नोटीस. सीनियर क्लार्कची एक जागा. अठरा तारखेला तोंडी इंग्रजी परीक्षा. विषय: निसर्गदृश्ये आणि छायाचित्रण. स्वतः काढलेला फोटो न्यायचा आणि त्यावर साहेबासमोर पाच मिनिटं बोलायचं. नव्या साहेबाला कॅमेऱ्याचा नाद आहे म्हणतात.
उमेदवार चार. बाकी तिघांचं इंग्रजी मी ऐकलेलं आहे. जागा माझीच.
संकल्प: रोज पहाटे चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून मोठ्याने इंग्रजी बोलणे.

३ जानेवारी
चौपाटी झाली नाही. थंडी होती. थंडीत उच्चार बिघडतात.

५ जानेवारी
शेजारच्या खोलीतला गंगाधर देवासारखा धावून आला. मिलमधून येताना डिलाईल रोडवरून दौलत फोटोवाल्याचा जुना बॉक्स कॅमेरा मागून आणला. आत रोल आहे, आठ फोटोंचा. गंगाधर म्हणाला, सायबा, मोठा हापिसर झालास की आम्हाला ओळख दे म्हणजे झालं. त्याची बायको शेवंती म्हणाली, भावजी कसली ओळख देतायत, जिन्यात भेटले तरी इंग्रजी पुटपुटत जातात. दोघं खूप हसली. बांगड्याचं कालवण दिलं. माणसं साधी आहेत. त्यांच्यासमोर मी नम्रच असतो.

८ जानेवारी, रविवार
शामराव मास्तरांकडे गेलो. रिटायर हेडमास्तर, तोंडी परीक्षेची तयारी करून घेतात. त्यांचा नियम असा: आधी फोरग्राउंड, मग मिडल, मग बॅकग्राउंड. माणसाशिवाय देखावा मेलेला. आणि फोटोतल्या माणसाचं नाव, गाव, धंदा सांगायचाच. नाव न सांगणं हा इंग्रजीत असभ्यपणा समजतात. प्रिंटच्या मागे शाईने लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी विसरायला होणार नाही.
हँगिंग गार्डनला जाऊन चार फोटो काढले. हात जरा हलला असावा.

१५ जानेवारी
एकूण सात फोटो झाले. एकात बहुधा माझा अंगठा आहे. दोन एकावर एक आले असावेत. प्रकाशाचा दोष. शेवटचा राखून ठेवला आहे.
रस्त्यात दुकानांच्या फळ्या दुपारीच लागत होत्या. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी. नुसती उभी.

१६ जानेवारी, सोमवार
रात्री इराण्याच्या रेडिओवर मुंबईचा निकाल सांगितला. महाराष्ट्राला मिळणार नाही. इराण्याने रेडिओ बंद केला आणि लगेच खुर्च्या टेबलांवर चढवायला लागला. कोणी पैसे द्यायलाही थांबलं नाही, त्यानेही मागितले नाहीत.
चाळीत सगळे गॅलरीत उभे. गंगाधर जेवला नाही. मी त्याला होरायझन हा शब्द म्हणून दाखवला. लक्ष नव्हतं त्याचं.

१७ जानेवारी
आज तो फोटो मिळाला.
संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर असं ऊन पडलं होतं की पुस्तकात शोभावं. समोरच्या घरांच्या कौलांवर पिवळं, खाली धूर. कोणी टायर पेटवले होते, पण त्यामुळे बॅकग्राउंड फार छान आलं. माणसं धावत होती. गंगाधर आणि दोघं-तिघं कचऱ्याची हातगाडी रस्त्यात आडवी पाडत होते. मला माणूस हवाच होता. गॅलरीतून ओरडलो, गंगाधर, वर बघ. त्याने वर बघितलं. म्हणाला, आता फोटो, सायबा? आणि हसला. दुसऱ्या सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. त्यानेही बांधलं होतं, माझ्यासाठी खाली ओढलं.
क्लिक.

१८ जानेवारी
परीक्षा पुढे ढकलली. संचारबंदी. तयारीला वेळ मिळाला हे उत्तम.

१९ जानेवारी
ठाकूरद्वाराच्या बाजूने आवाज. एक, मग तीन, मग मोजता आले नाहीत. फटाके असावेत. शेवंतीने आमच्या मधल्या भिंतीवर टकटक करून विचारलं, भावजी, हे तुमच्याकडे आहेत का. नाहीत म्हटलं. फोरग्राउंडवरचा परिच्छेद पाठ झाला.
गंगाधर जिन्याने उशिरा आला. चपला हातात.

२७ जानेवारी
दौलतकडून प्रिंट आणल्या. सात वाया. आठवी अप्रतिम. गंगाधरचा दातन् दात दिसतो. दौलतने ती लगेच हातात दिली नाही. आधी दुकानाचं दार लावलं. म्हणाला, शेठ, ही कुणाला दाखवू नका, निगेटिव्ह मी जाळून टाकतो हवी तर. मी समजलो. त्याच्या उभ्या आयुष्यात असा फोटो निघाला नसेल. धंद्यातला मत्सर.
घरी येऊन मागे लिहिलं, सुंदर अक्षरात: मिस्टर गंगाधर परब, विव्हर, माय नेबर.

३० जानेवारी, सोमवार
परीक्षा.
आयुष्यात असं इंग्रजी माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं. साहेबाने आधी फोटो नुसता घेतला, मग चष्मा लावून खिडकीपाशी नेला. पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं. फोरग्राउंडमधले गृहस्थ कोण? सांगितलं. तारीख कोणती? सांगितली. बाकीचे कोण? ते ओळखीचे नाहीत म्हटलं, पण मिस्टर परब नक्की सांगू शकतील. साहेब म्हणाले, प्रिंट ठेवू का? क्लबात माझा एक स्नेही आहे, पोलिसात मोठ्या हुद्द्यावर. सध्या तो असेच फोटो शोधतो आहे.
माझा फोटो क्लबात. इतर तिघांनी आगबोटी आणि ताजमहाल नेले होते.

२ फेब्रुवारी
पहाटे गंगाधरला घेऊन गेले. चौघे आले होते, थेट त्याच्या दारात. कुणाला विचारावं लागलं नाही.
चाळीत कुजबुज आहे की कोणीतरी नाव दिलं. वाईट माणसं असतात.

४ फेब्रुवारी, शनिवार
शेवंती दारात. पदर डोक्यावर. म्हणाली, आमचं मराठी कुणी ऐकत नाही. तुम्हाला सायबाचं बोलणं येतं. चला ना माझ्याबरोबर, दोन शब्द बोला.
चौकीवर गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. सभ्य गृहस्थ. कुटुंबवत्सल. सोळा वर्षं एका मिलमध्ये. सगळं जुळलं होतं.
इन्स्पेक्टरच्या टेबलावर कागद होते. वर माझा फोटो, उलटा ठेवलेला. शाई थोडी फुटली होती. अक्षर माझंच.
काय म्हणायचंय, त्यांनी इंग्रजीत विचारलं.
तोंड उघडलं. शेवंती मागून हळूच म्हणाली, बोला ना भावजी.
एकच वाक्य आलं. धिस इज द व्ह्यू फ्रॉम माय गॅलरी.
इन्स्पेक्टर म्हणाले, होय, आम्हाला माहीत आहे. थँक यू.
बाहेर आल्यावर शेवंतीने डोळे पुसले. बरं वाटलं हो भावजी, म्हणाली, ते तुम्हाला थँक यू म्हणाले. काय सांगितलंत त्यांना?
शेजारी आहे, असं सांगितलं, मी म्हटलं.

६ फेब्रुवारी
बोर्डावर निकाल. पहिलं नाव माझं.
संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. दिवा लावला नाही.