तारेवरचा ससाणा

मंगळवार, नोव्हेंबर. सांजेला, आणे

पठारावर शेळ्या चारताना आज तारेवर अमूर ससाणा दिसला. पाय लाल व्हते. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं, तर जुन्नरचा सलीमभाऊ म्हणतो, "फोटो कुठंय राव? लाल पाय तर खंड्याचे बी असत्यात!" बाकीच्यांनी हसायचे इमोजी टाकले. माझ्या फोटोत नुसता ठिपका आलाय. लाजून मेसेज खोडला. का खोडला पण? खंड्याची एवढी लांब चोच मला कळत न्हाई व्हय? ससाणाच व्हता. आफ्रिकेला निघालाय, दोन दिवसांत जाईल बी.

मग परत लिहिलं, "ससाणाच हाय. सकाळी आण्याला या, मी दाखवते."

लगेच सलीमभाऊचं आलं, "येतो. चौघं हायेत."

चौघं! घरी पावणं आलं तरी मी आत पळते. उद्या न्हाई पळणार.