कोंडा, लसूण, विळा : आमच्या घरातील मुलग्यांच्या नावांबाबत आणि राहत्या घराबाबत

हे मृत्युपत्र एक गोष्ट सिद्ध करण्यासाठी लिहिले आहे : नाव कोणालाही मृत्यूपासून वाचवत नाही. ती सिद्ध झाली तरच दुसऱ्या कलमात घराला घातलेली अट वाजवी ठरते. म्हणून मालमत्तेच्या आधी युक्तिवाद ठेवला आहे. वारसांनी कंटाळा न करता तो वाचावा.

मी, केबेक ओरोक उलू, म्हणजे ओरोकचा मुलगा, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार काराजिल्गा, प्रांत नारीन, पूर्वीचा व्यवसाय तर्कशास्त्र व कायदा यांचे अध्यापन, पूर्ण भानावर राहून हे लिहीत आहे. कान अधू झाले आहेत, बुद्धी नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही, आणि नशेचा प्रश्न उद्भवत नाही, कारण डॉक्टरांनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे कुमिससुद्धा बंद केले आहे.

कलम १. युक्तिवाद.

माझ्या पणजीची मुले जगत नसत. तेव्हा गावच्या सुईणीने दोन नियम घालून दिले. पहिला, मुलग्याचे नाव असे हलके ठेवावे की मृत्यूला तो उचलण्याजोगा वाटू नये. दुसरा, नावाचा शेवट 'क' वर व्हावा, कारण तो म्हणताना घसा बंद होतो आणि दाराला कडी लागते. त्याप्रमाणे माझे आजोबा तेझेक झाले, म्हणजे जाळायचे वाळके शेण. वडील ओरोक, म्हणजे विळा. त्यांची नाळ विळ्याने कापली होती. चुलते सारिमसाक, म्हणजे लसूण. माझा थोरला भाऊ क्युचुक, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. मी केबेक, म्हणजे कोंडा. धाकट्याच्या वेळी गावात नवे मास्तर आले होते. त्यांनी आग्रह धरला, आणि त्याचे नाव असान पडले. निरोगी असा त्याचा अर्थ. कडी वगैरे काही नाही.

आता परिणाम पाहू. सारिमसाक ऐन विशीत घोड्यासह नारीन नदीत गेले. क्युचुक घटसर्पाने चार वर्षांचा असताना गेला. असान आयुष्यभर ट्रक चालवून, तीन वेळा दरीत घसरून, भरपूर चरबी खाऊन पंचाहत्तरीत अंथरुणात मेला. ज्यांना कडी होती त्यांतले दोघे अकाली गेले. ज्याला नव्हती तो टिकला.

याबद्दल मी आईला विचारले होते. ती म्हणाली, "क्युचुकचं नाव बरोबरच होतं रे. पण शेजारीण त्याला लाडानं 'माझ्या सोन्या' म्हणाली ना, तिथंच घात झाला."

"आणि काकांचं काय?"

"त्यांच्या घोड्याचं नाव फार देखणं होतं."

ज्या नियमाला प्रत्येक मृत्यूनंतर नवे पोटकलम जोडावे लागते तो नियम नसतो. ती स्वतःची समजूत असते. सिद्ध झाले.

या नावांमुळे वाचले कोणी नाही, गैरसोय मात्र भरपूर झाली. आमच्यात सुनेने नवऱ्याचे किंवा सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचे नाव तोंडाने घ्यायचे नसते, आणि त्या अर्थाचा रोजचा शब्दही नाही. आई विळ्याला 'वाकडा' म्हणे, शेणाला 'जळण', लसणाला 'वासाचा'. माझी पत्नी झूराकान बाजारात गाईसाठी कोंडा घ्यायला गेली की दुकानदाराला सांगे, "आमच्या ह्यांच्या नावाचं एक पोतं द्या." आणि तो हसू दाबून कोंडा भरे.

कलम २. घर.

राहते घर, मागचा गोठा आणि पाटाकडेची चिनारांची रांग ही माझा नातू मेदेर व त्याची पत्नी बेगायिम यांना मिळावी. झूराकान गेल्यापासून सहा वर्षे ती दोघे मला सांभाळत आहेत.

त्यांचे दोन मुलगे तान्हेपणी गेले. घरातला वडीलधारा म्हणून दोघांची नावे मी ठेवली होती : एल्दियार, म्हणजे लोकांचा सोबती, आणि नुरसेयित, म्हणजे तेजस्वी सरदार. हृदयाचा दोष जन्मतःच होता, असे बिश्केकच्या डॉक्टरांनी सांगितले. तरीही पाणवठ्यावर बायका म्हणतात की म्हाताऱ्याने पोरांना बिनकडीची नावे दिली. आता तिसरे मूल येऊ घातले आहे, आणि बेगायिम त्याला हलके नाव ठेवू इच्छिते असे माझ्या कानावर आले आहे. म्हणून अट : मुलगा झाल्यास त्याला प्रतिष्ठित नाव दिले जावे. शेण, कोंडा, कचरा अशा अर्थाचे नाव दिल्यास घर गावच्या शाळेला जाईल.

कलम ३. बचत आणि अंत्यविधी.

शिल्लक बचत अंत्यविधीला वापरावी, आणि विधी बचतीत बसेल एवढाच करावा. एकच घोडा कापावा. असानच्या वेळी तीन कापले आणि त्याच्या मुलांनी पुढचा हिवाळा उसन्या पिठावर काढला. मानकऱ्याला वाढतात ते मेंढीचे डोके माझा मित्र ओस्मोनकुल याला देऊ नये. त्याला दात नाहीत, आणि तो नको म्हणणार नाही. त्याला कलेजी द्यावी.

कलम ४. वस्तू.

पुस्तके शाळेला. झूराकानने शिवलेले लोकरीच्या नमद्याचे दोन्ही गालिचे बेगायिमला. ते मुळात माझे नव्हतेच. नऊ खळग्यांच्या खेळाचा पट ओस्मोनकुलला. एका डावात त्याने टाकलेले खडे परत उचलले होते, हे त्याने साक्षीदार म्हणून सही करताना मान्य करावे. न केल्यास पट त्यालाच मिळेल, पण खडे नाहीत.

फावडे शेजारच्या सादिकला परत करावे. ते त्याचेच आहे. ज्या सकाळी त्याने आपली पाळी नसताना माझा पाट फोडला, त्या सकाळी मी ते पुरावा म्हणून ताब्यात घेतले. खटला कधी उभा राहिला नाही. पुरावा मालकाला परत करणे मात्र कायद्याला धरून आहे.

कलम ५. वाचनाच्या वेळी झालेले बोलणे.

वरील मसुदा मी आज दुपारी साक्षीदारांना वाचून दाखवला. एक ओस्मोनकुल, निवृत्त पशुवैद्य. दुसऱ्या बुर्मा एजे, म्हणजे बुर्माताई, गावच्या दवाखान्यातील निवृत्त दाई. बेगायिम चहा देत होती, मेदेर कुरणावर गेला होता. त्या वेळचे बोलणे नोंदवल्याशिवाय पुढील दुरुस्ती समजणार नाही, म्हणून नोंदवतो.

दुसरे कलम संपताच ओस्मोनकुल म्हणाला, "केके, अजून जन्मलं नाही त्याच्यावर नोटीस काढलीस? कमाल आहे बाबा तुझी!"

मी म्हणालो, "युक्तिवादात खोट असेल तर दाखव."

"खोट काढायला मी काय वकील आहे? घोड्याचा डॉक्टर मी. पण पटाचं लिहिलंयस ते साफ खोटं आहे."

बेगायिमने चहाची वाटी खाली ठेवली. ती मला आताके म्हणते, म्हणजे बाबा. "आताके, मी बोलू?"

"बोल."

"तुम्ही म्हणता ते मला पटलं. नावानं कुणी वाचत नाही."

"मग हलकं नाव कशाला हवं?"

तिने माझी वाटी भरली. मग म्हणाली, "दोन्ही पोरांना मी नावानं हाक मारलीच नाही. एवढं देखणं नाव, आताके, जीभच उचलायची नाही. कुणाला ऐकू गेलं तर, असं वाटायचं. 'ए' म्हणायचे, 'बाळ' म्हणायचे. एल्दियारचं नाव मी पहिल्यांदा तोंडानं घेतलं ते त्याच्या थडग्यापाशी. दुसऱ्याचंही तिथंच."

बुर्मा एजेंनी आपली वाटी उपडी घातली.

"मला वाचवणारं नाव नकोय," ती म्हणाली. "मला अंगणात उभं राहून ओरडता येईल असं नाव पाहिजे. निर्धास्त. आणि तसं एकही शिल्लक नाही. जळणाचं, वाकडं, वासाचं, कुत्रीचं लेकरू, गाईचं खाणं, सगळं तुमच्या माणसांनी आधीच घेऊन ठेवलंय. मी तोंडानं काय घ्यायचं?"

ओस्मोनकुलला हसू आवरेना. "केरसुणी राहिलीय की!"

"तिला शेवटी कडी नाही," बुर्मा एजे म्हणाल्या. "आणि तू गप बस रे, बोळक्या. अक्साकाल, पांढरी दाढी झाली तुमची, उत्तर द्या तिला. एवढी वर्षं पोरांना शिकवलंत ना?"

तिने माझे एकही विधान खोडले नव्हते. मृत्यू नावे ऐकत नाही, हे तिला मान्य होते. पण ऐकणारे मूल असते आणि हाक मारणारी आई, एवढेच तिने मांडले, आणि त्याबद्दल माझ्या युक्तिवादात एक ओळही नाही.

आमच्यात वडीलधाऱ्याने हयातीत स्वतःच्या तोंडाने सांगितले, तर सुनेला त्याचे नाव मोकळे होते. मात्र ही मोकळीक रिकाम्या हाताने देता येत नाही. सोबत काही द्यावे लागते. मी बेगायिमला म्हणालो, "माझं नाव तुला मोकळं केलं. मुलगा झाला तर त्याला ठेव. सोबत घर दिलं, विनाअट. आता म्हण."

पहिल्यांदा नुसते ओठ हलले.

"म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, पोरी," ओस्मोनकुल म्हणाला. "खणखणीत होऊ दे!"

तेव्हा तिने दार उघडले, उंबऱ्यात उभी राहिली आणि अंगणाकडे तोंड करून ओरडली, "केबेक! ए केबेक! घरी ये, जेवायला!" सादिकचा कुत्रा उठून कुंपणापर्यंत आला.

कलम ६. दुरुस्ती.

(अ) दुसऱ्या कलमातील अट रद्द. घर मेदेर व बेगायिम यांचे, नाव कोणतेही असो. (आ) माझे नाव माझ्या हयातीतच बेगायिमच्या मुलाला देण्यात येत आहे. एका घरात दोन केबेक झाल्याने गोंधळ झाल्यास हाक धाकट्याची समजावी. (इ) मुलगी झाल्यास आईने तिला जे आवडेल ते म्हणावे. मला विचारण्याची गरज नाही. (ई) पहिले कलम कायम आहे. ते खोटे ठरलेले नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

साक्षीदार :

ओस्मोनकुल बायिश उलू. (खडे उचलले होते. वारा होता, म्हणून.)

बुर्मा तुराट किझी.

स्थळ : काराजिल्गा. दिनांक : १४ ऑक्टोबर २००९.

सह्या झाल्यानंतर, माझ्या हस्ताक्षरात :

एल्दियार आणि नुरसेयित ही नावे मी निवडली. ती चांगली आहेत असे मी आजही मानतो. निवडताना अर्थ पाहिला, उच्चार पाहिला, आमच्या वंशात ती आधी कोणाची नव्हती हेही पाहिले. त्या मुलांना हाक कोण मारणार हे पाहिले नाही, आणि त्यांच्या आईला विचारले नाही. ही माझी चूक आहे.

केबेक ओरोक उलू