डिकीतला नवा टायर

रविवार, १० जून २००१
नाशिक

डोकं अजून तापलेलंच आहे.

उद्या सुट्टी संपते, सुरगाण्याला शाळेवर हजर व्हायचं. पावसात त्या घाटात गाडी कशी सरकते ते मलाच माहीत, म्हणून पुढचा गुळगुळीत झालेला टायर बदलायला नवा आणला. सासरे म्हणाले, "मी घरीच बसवतो, तू स्वयंपाकाचं बघ." बघितलं. संध्याकाळी बाहेर येऊन पाहते तर पुढे तोच गुळगुळीत टायर! नवा डिकीत, स्टेपनी म्हणून. वर हळदकुंकू लावलेलं.

"अण्णा, हे काय?"

"अगं, स्टेपनी चांगली हवी, वेळेला उपयोगी पडते. नवाकोरा टायर चिखलात कशाला घालायचा?"

वेळेला म्हणजे कधी? मी दरीत गेल्यावर? या घरात नवं ते सगळं असंच. काचेचे पेले कपाटात, चांगल्या चादरी पाहुण्यांना, आता टायर डिकीत. आणि मी? मी जुनी झाले, मी चालते घाटात!

वर म्हणतात, "चाकाखाली लिंबू ठेवलंय ना. सकाळी त्यावरून गाडी काढ, काही होत नाही."

लिंबू! गुळगुळीत टायरखाली! आणि नवरा शेजारी उभा राहून हसतोय.

मग मीच पाना घेतला. नट सैल केले, जॅक लावला, नवा टायर पुढे चढवला. हळदकुंकू आणि टायरचं काळं, दोन्ही पदराला पुसलं.

ते लिंबू उचललं, धुतलं आणि कपाटातल्या काचेच्या पेल्यात त्याचं सरबत केलं. अण्णांना विचारलं, घेता का थोडं?

नको म्हणाले. सगळं मीच प्यायले.