साहेबरावची दारू सोडवणे

२६ जानेवारी १९८३, बुधवार
नव्या लातूर जिल्ह्याचा पहिला प्रजासत्ताक दिन. तहसीलसमोर झेंडावंदन झालं. राष्ट्रगीताला मी ताठ उभा होतो. शेजारी आमच्या जीपचा ड्रायव्हर साहेबराव डुलून राहिला होता. वाईट वाटलं. गुणी माणूस दारूपायी वाया चालला. ठरवलं, याची सोडवायचीच. एकट्याला जड जाईल म्हणून सोबतीला मीही सोडीन. मला तशी सवय नाही. टंचाई शाखेचा अव्वल कारकून म्हटल्यावर दिवसभर टँकर, टँकर. डोकं फिरतं म्हणून संध्याकाळी थोडी.
आज ड्राय डे, मुहूर्त उत्तम. कपाटातली बाटली राहिली असती तर मोह झाला असता, म्हणून संपवून टाकली.
घरी बायकोला, शिवकांताला निश्चय सांगितला. ती म्हणाली, बरं. आणि भाकरी थापत राहिली. घरातून उत्तेजन नाही.

२८ जानेवारी, शुक्रवार
साहेबरावला घेऊन सरकारी दवाखान्यात. इथं डॉक्टरची जागा रिकामीच आहे. दुसऱ्या तालुक्याचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. रांग लई मोठी. सगळ्यांना जुलाब. टँकरच्या पाण्यानं होऊन राहिलेत असं बायका बोलत होत्या. मी भिंतीवरची कुटुंब नियोजनाची पाटी वाचत बसलो.
डॉक्टरांनी विचारलं, रोज किती घेता. मी साहेबरावचं सांगितलं. साहेबराव म्हणाला, साहेबांचं बी तेवढंच, आमची बाटली एकच असती. काही माणसांना कुठं काय बोलावं कळत नाही. मग डॉक्टरांनी विनाकारण माझंही पोट दाबून पाहिलं. लिव्हर सुजलंय म्हणाले. दौऱ्यावरच्या जेवणानं असेल.
निघताना त्यांनी दोनदा बजावलं, "एकदम बंद करू नका. झटके येतात, माणूस जातो. ॲडमिट होऊन, औषधावर सोडावी लागते." इथं ती सोय नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात गुरुवारी सकाळी त्यातले डॉक्टर बसतात, तिथं जा म्हणाले. तोवर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या.
एकदम बंद करू नका हा डॉक्टरी सल्ला असल्यामुळे संध्याकाळी दोघांनी घेतली.

१० फेब्रुवारी, गुरुवार
जिल्ह्याला टंचाईची मीटिंग होती. एका फेरीत दोन्ही कामं, असं माझं प्लॅनिंग. मीटिंग अकराला संपली. पण उपाशीपोटी डॉक्टरकडं जाऊ नये. ढाब्यावर जेवलो. जेवणाआधी थोडी, कारण आता भरती झाल्यावर कायमचीच बंद. दवाखान्यात पोचलो तर खिडकी लागलेली. वॉचमन म्हणाला, पुढल्या गुरुवारी सकाळी नऊला या. नवा जिल्हा आहे, घडी बसायला वेळ लागणारच.
येताना जीप बाभळीला घासली. स्टिअरिंग साहेबरावच्या हातून सुटलं. रिपोर्टात लिहिलं, जनावर आडवं आलं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
जाता आलं नाही. आमदारांच्या गावचा टँकर.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
प्रकृती बरी नसल्यामुळे डॉक्टरकडं जाता आलं नाही.

१ मार्च, मंगळवार
शिवकांता भालकीला माहेरी गेली. तिकडं विहिरीला पाणी आहे म्हणाली. मी लगेच परवानगी दिली. बसमध्ये चढल्यावर तिनं परवानगी मागितलीच नव्हती असं लक्षात आलं. जाताना देव्हाराही नेला. तिकडं काही कार्यक्रम असेल.

७ मार्च, सोमवार
अखेर इलाज सापडला. देगलूरकडच्या एका खेड्यात मडिवाळप्पा म्हणून गृहस्थ आहेत. भुकटी देतात, महादेवासमोर शपथ घालतात, एका दिवसात दारू सुटते. रांग नाही, खिडकी नाही. डॉक्टर म्हणाले होते एकदम सोडू नका, पण डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात. साहेबराव बिचकत होता. म्हणाला, साहेब, ते झटक्याचं? मी म्हणालो, मी आहे ना.
मी गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतली. साहेबरावनं पोरीची. दोघांनी भुकटी घेतली आणि दोघंही परतीच्या वाटेवर भरपूर ओकलो. हलकं वाटून राहिलं आहे. नवं आयुष्य.

८ मार्च, मंगळवार
साहेबरावनं खरंच थेंब घेतला नाही. दिवसभर घामानं भिजलेला, स्टार्टरची किल्ली धरवेना, पण घेतली नाही. माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम.
मी फक्त बियर घेतली. शपथ दारूची होती.

९ मार्च, बुधवार
सकाळी साहेबरावची बायको भामाबाई ऑफिसात आली. रातभर झोपला न्हाई, भिंतीवरच्या मुंग्या झाडून राहिलाय म्हणाली. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मी समजावलं, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. तिनं विचारलं, डॉक्टरला दाखवू का. मी म्हणालो, आज बुधवार, डॉक्टर कुठला, दोन दिवस कडी लावून ठेवा. साहेब म्हणतात म्हणून तिनं लावली.
दुपारी झटके आले. जिल्ह्याला न्यायला जीप दारात उभी, पण ती चालवणारा खाटेवर. टँकर होता, त्याला रस्ता बदलायला माझी सही लागते. मी जागेवर नव्हतो. उन्हाचा त्रास होऊन राहिला म्हणून धान्याच्या मोंढ्यामागं सावलीला जरा बसलो होतो. शिपायाला मी सापडलो तेव्हा चार वाजले होते. सही केली. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, ही वाचता येत नाही, परत करा. परत केली.
टँकर साहेबरावच्या दारात पोचला तेव्हा बायका रडत होत्या.

११ मार्च, शुक्रवार
शोकसभा. ठराव मीच लिहिला. हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने. शब्द झटका आहेच, खोटं काही नाही.
आज डॉक्टरांचा वार होता. दवाखान्यावरून जावं लागू नये म्हणून लांबून घरी आलो.

५ एप्रिल, मंगळवार
भामाबाईला ऑफिसात पाणी भरायला रोजंदारीवर घेतलं. शिफारस माझी. कुणासाठी तरी काही केल्याचं समाधान मिळालं. ती टेबलावर तांब्या ठेवते आणि जाते. मी तांब्याला हात लावला की तो टेबलावर वाजतो. टेबलाचा पाय आखूड आहे.
शिवकांताचं पत्र नाही. भालकीची टपालव्यवस्था सुधारायला हवी.

६ मे, शुक्रवार
डोळे पिवळे झाले असं ऑफिसातले म्हणतात. ऊन फार आहे.
संध्याकाळी सगळे गेल्यावर भामाबाई टेबलापाशी थांबली. नांदेडला तिची बहीण राहते. तिच्या गल्लीत एक डॉक्टर दारूच्या माणसांना भरती करून घेतो, दोघंतिघं बरे झालेत म्हणे. उद्या ती बहिणीकडं चालली आहे. मला चला म्हणाली. मी म्हणालो, तुम्ही कशाला तसदी घेता. तिनं पदर डोक्यावरून नीट केला.
"आमच्या माणसाला घरात कोंडून मी मारलं, साहेब. तुम्हाला बी बघत बसू का?"
मी म्हणायला हवं होतं की कडी तिनं लावली, पण. पण म्हणजे. हे वाक्य उद्या पूर्ण करीन.
उद्या नांदेडला जायचं. नक्की. पिशवी भरली. टॉवेल, दोन सदरे, विभूतीची डबी.

७ मे, शनिवार
पहाटे आपोआप जाग आली. एक थेंब घेतला नाही. स्टँडवर भामाबाई आधीच आली होती. नांदेड गाडी लागली आणि लोक तुटून पडले. ती गर्दीत घुसली, खिडकीतून रुमाल टाकून दोघांची सीट धरली, माझी पिशवीही तिनंच आत ओढून घेतली. मी म्हणालो, पान घेऊन आलोच.
पानाच्या टपरीमागं जे दुकान आहे ते सकाळीही उघडं असतं हे मला माहीत नव्हतं. प्रवासात हात थरथरू नयेत म्हणून एक.
गाडीनं दोनदा हॉर्न दिला. भामाबाई खिडकीतून अर्धी बाहेर येऊन गर्दीत बघून राहिली होती. कंडक्टरशी काही तरी बोलत होती, हात जोडून. मला टपरीमागून स्वच्छ दिसत होतं. गाडी हलली तेव्हाही ती बघत होती. मग वळण आलं.
लांबचा पल्ला आहे. निदान तिला ऐसपैस बसता आलं असेल.