न जाळलेलं गवत

१८ एप्रिल २००१
आज आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आलो. फाट्यावरून शेषेरावांनी बैलगाडीतून आणलं. शेताच्या मधोमध पत्र्याचं घर, लिंबाची सावली, विहीर, कडब्याच्या दोन गंज्या. त्यांच्या मुलीची, ऋतुजाची, प्रवेश परीक्षा अकरा मेला आहे. लातूरच्या क्लासमध्ये ती माझ्याकडेच होती. पण त्र्याण्णवच्या भूकंपात नऊ वर्षांची पोर सहा तास दगडमातीखाली होती. अजून स्लॅबखाली बसली की तिला घाम फुटतो. म्हणून मास्तरच तिच्याकडे आला. शेषेराव हसून म्हणाले, लातूरवाले पोरायला कोंडून शिकवतेत, तुम्ही मोकळ्यात शिकवा. लिंबाखाली फळा टांगला. मला इथे आवडणार.

२१ एप्रिल
या दिवसांत कुठूनही ठिणगी येते आणि कडबा जातो. म्हणून आज घर आणि विहीर आत धरून वाळल्या गवताचा रुंद पट्टा गोल जाळला. शेषेराव पेटवत पुढे, त्यांच्या पत्नी साखराबाई ओल्या पोत्याने विझवत मागे. भूकंपात पडलेल्या जुन्या गावाच्या बाजूला मात्र गाडी जाईल एवढं गवत तसंच ठेवलं. मी कारण विचारलं. साखराबाई म्हणाल्या, त्यायला यायला-जायला वाट नको का? भूकंपात या घरचे सात जण गेले. उन्हाळ्यात ते पाण्याला येतात, पिऊन जातात; जळल्या जमिनीवर मात्र पाय ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी रोज रांजण भरून ठेवतात. मी मान डोलावली. वारा नेमका त्याच बाजूने येतो.

२४ एप्रिल
दुपारी माळावर धूर दिसला. घरचे गुरांमागे होते. मी ते उरलेलं गवत जाळून टाकलं. दहा मिनिटांचं काम. आग इकडे आलीच नाही. कुणाला सांगितलं नाही. वाद नको होता. परतताना पाहिलं, सकाळी भरलेला रांजण अर्धा झाला होता.

२६ एप्रिल
पट्टा आत सरकला आहे. परवा विहिरीच्या पलीकडे होता, आज विहीरच काळ्या जमिनीत आहे. कुणी जाळलेलं नाही. शेषेरावांनी ओलांडायला पाऊल टाकलं. राख विझलेली दिसत होती. चप्पल वितळून तळव्याला चिकटली. पेंढ्या अंथरून वाट केली. पेंढ्या पेटल्या.

२९ एप्रिल
गंज्या गेल्या. बैल घराला चिकटून उभे आहेत. आम्ही घोट-घोट पितो, तरी रांजण उतरतो. साखराबाईंनी विचारलं, वाट कुणी बुजवली? म्हणाल्या, ते आतच राहिलेत, त्यायला घरी जायचंय. मी फळा पुसायला घेतला. ऋतुजा गणितं सोडवते आहे. बारा दिवस राहिले.

३ मे
शेषेराव म्हणाले, जळल्याचं गवत पावसाबिगर न्हाई व्हत. पाऊस जूनमध्ये. पाणी दोन तांबे. लिंब जळाला. घरात भिंतीलगत सात ओले डाग — बसल्यासारखे. ऋतुजा पत्र्याखालीही थरथरते आता.

५ मे
सांगितलं. मीच बुजवली. शेषेराव म्हणाले, लई शिकलेले तुम्ही, मास्तर. साखराबाईंनी शेवटचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. ज्यानं बुजवली त्यानं पुढं चालावं, ते मागं येतील, म्हणाल्या. ऋतुजा नको म्हणाली. पट्टा उंबऱ्यापासून तीन पावलं —

६ मे, सकाळ
निघालो. राख गार. पाय भाजत नाहीत. मागे ओली पावलं. मोजली — सात जोड्या.

माळावर आलो. ते मला ओलांडून पुढे गेले, जुन्या गावाकडे.

मागे वळलो. घराभोवती पट्टा नाही. गवत पिवळं, जसं होतं तसं. शेषेराव गाडी जुंपतायत. ऋतुजा हात करून बोलावते आहे —

जाता येत नाही. काळं आता माझ्याभोवती गोल. बसलो तेव्हा पाच पावलं होतं. आता दोन — वहीची कड तांबूस —