अकरा नंबरचं छत

१२ जानेवारी २०२६

रेश्मानं आज ओढूनच अकरा नंबरला नेलं. छावणीच्या बांधकाम ऑफिसातली माझ्या हाताखालची ज्युनियर इंजिनिअर, सत्तावीस वर्षांची. एकदा मनात घेतलं की ऐकत नाही!

अकरा नंबर म्हणजे छावणीतली जवानांच्या कुटुंबांची इमारत. चार क्वार्टर. वरच्या मजल्यावर सत्यशीला राहते — खेड्यातनं आलेली, नवरा सीमेवर, मांडीवर पाच महिन्यांची आरती. गच्चीवरची टाकी झिरपते. छताला तांबूस ओल, एका ठिकाणी सळई उघडी.

"पान्याचं काय न्हाई साहेब, पातेलं ठेवते मी. पन परवा वरून रेती पडली. हिच्या डोळ्यात गेली."

पोरीचा डावा डोळा अजून लाल. मी म्हणालो, नवी इमारत होणार आहे. नऊ वर्षं हेच म्हणतोय.

"व्हय. माझ्या आदी हितं राहत हुत्या, त्या वहिनीबी हेच सांगून गेल्या."

आवाजात टोमणा नव्हता. तेच लागलं.

१६ जानेवारी

दुरुस्तीचा निधी आला. आठ इमारतींसाठी मागितला होता, आलाय तीन इमारतींपुरता. अकरा नंबर त्या आठातही नाही. बसतच नाही — जी इमारत पाडून नवी बांधायचा प्रस्ताव वर गेलाय, तिच्यावर मोठा खर्च करायचा नाही, असा नियम. पाडायच्या भिंतीवर पैसे कशाला? बरोबरच आहे.

आणि तो प्रस्ताव माझा! दरवर्षी वर जातो, दरवर्षी 'पुढील वर्षी विचार व्हावा' असा शेरा घेऊन परत येतो.

१९ जानेवारी

रेश्मा दार लोटून घेऊन बोलली. "सर, रागावू नका. नव्या इमारतीचा प्रस्ताव मागे घेऊ या. मग अकरा नंबरची दुरुस्ती करता येईल."

रागावलोच. "पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं? एप्रिलअखेर मी निवृत्त होतोय. नंतर कोण विचारणार त्या प्रस्तावाला? माझ्या हयातीत व्हायचं नाही मग!"

"मी तुमच्या हयातीचं नाही बोलत, सर. मार्चपर्यंतचं बोलतेय."

डबा तसाच परत आणला.

२० जानेवारी

रेश्माशी बोललो नाही. तीही नाही. तरी चार वाजता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. साखर कमी, मला लागतो तसा.

२५ जानेवारी, रविवार

कपाटावरून नव्या इमारतीच्या नकाशाची गुंडाळी काढली. भीमाबाई तिला 'माझी सवत' म्हणते. दर दिवाळीला धूळ मात्र तीच पुसते.

जमिनीवर उलगडला. प्रत्येक स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. ओटा नेहमीपेक्षा बुटका — "साहेब लोक वटा त्येंच्या उंचीचा करत्यात, सैपाक आमाला करायचा असतो," असं हीच म्हणाली होती. मग हिलाच भिंतीशी उभं करून माप घेतलं होतं. किती हसली होती तेव्हा!

आज शेजारी बसली. बराच वेळ बघितलं. मी सगळं सांगितलं — सत्यशीलाचं, पोरीच्या डोळ्याचं, रेश्माचं.

"लई देखनं हाय," म्हणाली. "पन त्या लेकराला यात निजवता येतं का?"

नंतर स्वतःच गुंडाळी बांधली. गाठ हलकी मारली, कागद चुरगळू नये म्हणून.

१ फेब्रुवारी, रविवार

टीव्हीवर दिल्लीचा अर्थसंकल्प. संरक्षणाचा आकडा यायची वेळ झाली की मी दरवर्षी खुर्ची पुढे ओढतो. एवढ्या मोठ्या आकड्यातून एखादा थेंब तरी आमच्या अकरा नंबरपर्यंत पोचेल, असं वाटत राहतं. आज खुर्ची ओढली नाही. भीमाबाईनं न सांगता टीव्ही बंद केला.

२ फेब्रुवारी

सही केली. नवीन इमारतीचा प्रस्ताव मागे.

रेश्मानं कागद लगेच उचलला नाही. "सर, नीट वाचलंत ना?"

"नऊ वर्षं वाचतोय. ने."

दारापर्यंत गेली, परत आली आणि वाकून पाया पडली. ही पोर! "फाईलवर आजची तारीख टाक," म्हणालो.

२६ फेब्रुवारी

मंजुरी आली! एका इमारतीचा बाहेरचा रंग पुढे ढकलला, ते पैसे अकराकडे वळवले. वार्षिक ठेकेदार आहेच, त्यामुळे काम मार्चमध्ये सुरू होईल. रेश्मानं ऑफिसभर पेढे वाटले. छताच्या दुरुस्तीचे पेढे!

९ मार्च

चारही कुटुंबं रिकाम्या क्वार्टरमध्ये हलवली. सत्यशीला काही खूश नव्हती. लेकराला घेऊन दोनदा बिऱ्हाड हलवायचं, तेही एकटीनं.

"आनी मग परत हितंच?"

"हितंच," मी म्हणालो, तिच्यासारखंच. तेव्हा कुठे हसली.

१७ मार्च

सकाळी साडेअकराला अकरा नंबरचं छत कोसळलं. टाकी फोडायला मजूर गच्चीवर चढणारच होते. कुणाला खरचटलंही नाही. पडलं ते सत्यशीलाच्या झोपायच्या खोलीत — या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सळया गंजून बोटांनी मोडत होत्या.

सत्यशीला धावत आली, आरती कडेवर. दारातून आत बघत राहिली.

नऊ वर्षं मी इथे माणसं झोपू दिली. माझ्या देखण्या नकाशापायी. तिला हे सांगायला तोंड उघडलं.

"साहेब, धरा हिला जरा," म्हणाली. पोर माझ्या हातात दिली आणि भिंतीला टेकून रडली.

दोन्ही हातांनी धरली. तिनं परत मागितली तरी लवकर देववेना.